काळी बाटली, निळे भैय्याजी

मी आमच्या ब्लॉकमधल्या कोणाचंही कधी वाकडं केलेलं नाही. मी फक्त एका बाटलीत पाणी भरलं आणि ती बाटली फ्रिजवर ठेवली. एवढ्या कृत्यावरून सेक्टर सहामधल्या आमच्या स्ट्रीटवर माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकून दुसऱ्या एखाद्या मुलीला रडू आलं असतं. मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि तो पूर्णपणे तर्कशुद्ध आहे हे दाखवण्यासाठीच मी हे लिहिते आहे.

बाटली साधी होती. बोटभर उंचीची, काचेची, आत औषध लावलेला कागदाचा कपटा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्यातले जीवाणू असतील तर ते एक वायू सोडतात, तो वायू औषधातल्या लोखंडाला भेटतो आणि पाणी काळं पडतं. नसतील तर पाणी आहे तसं राहतं. एवढ्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायची गरज नव्हती, पण मी करून बसले होते आणि नोकरी अजून लागायची होती. उबदार जागेसाठी प्रयोगशाळेत एक यंत्र लागतं. भिलाईत एप्रिल पुरतो.

तपासणीचं कारणही साधं होतं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्या स्ट्रीटच्या तोंडाशी माझी आई पाणपोई लावते. मिरवणूक तिथूनच वळते. चार माठ, त्यांना निळं कापड, झेंडूच्या माळा, आणि माठांच्या मागे पांढऱ्या साडीत आई. पाणी आमच्या नळाचं. जयंती समितीचे अध्यक्ष रामाजी दर वर्षी सुचवतात की थंड पाण्याचे कॅन मागवू, समिती सोय करेल, सत्यशीलाबाईंना कशाला त्रास. आई दर वर्षी तेच उत्तर देते. "ज्या पाण्यासाठी आपल्या लोकाइनं मार खाल्ला, थे पाणी कॅनमंधी आणून वाटू काय? माह्या नळाचं पाणी हाय. ज्याले प्याचं थो पेईन." यावर रामाजी मान खाली घालतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

यंदा मात्र सकाळी येणाऱ्या पहिल्या पाण्याला वास यायला लागला होता. ब्लॉकमधल्या प्रत्येक घरात कोणा ना कोणाचं पोट बिघडलेलं होतं. त्याची कारणंही प्रत्येक घरात तयार होती: ऊन, लग्नातलं जेवण, समोसे, नजर. पाणी हे कारण कोणाच्याच यादीत नव्हतं. तेव्हा कॉलेजातून मी एक बाटली मागून आणली, घरच्या नळाचं पाणी भरलं आणि फ्रिजवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते शाईसारखं काळं झालं.

ते पाहून मला आनंद झाला. हे वाक्य वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. चाचणी नीट जमल्याचा आनंद वेगळा असतो. त्याच आनंदात मी बाटली हातात घेऊन उभी असताना समोरच्या क्वार्टरमधल्या सुशीला काकू विरजण मागायला आल्या.

सुशीला काकू आणि त्यांचे यजमान भैय्याजी मूळचे वर्ध्याकडचे. भैय्याजी इथल्या पोलाद कारखान्यात हिशेबाच्या खात्यात मोठ्या टेबलावर आहेत, माझे बाबा तिथल्याच रेल मिलमध्ये फिटर. माझ्या लहानपणी काकू रोज दुपारी आमच्याकडे यायच्या, तास तास बसायच्या, आईकडून स्वेटरचे टाके शिकायच्या, आणि पाणी विचारलं की म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आली." वर्षानुवर्षं त्या आत्ताच पिऊन आलेल्या असायच्या. मानवी शरीराला इतकं पाणी लागत नाही. मग एका जयंतीला उन्हात त्यांना चक्कर आली, त्या पाणपोईवर बसल्या आणि आईने पुढे केलेला ग्लास प्यायल्या. दुसऱ्या दिवशी घरी आल्या तेव्हा स्वतःच पाणी मागितलं.  तेव्हापासून आमच्या घरातला चांगला काचेचा ग्लास पुढच्या खोलीत आला.

तर काकूंनी बाटलीत काय आहे ते विचारलं आणि मी ते सगळं सांगितलं. वायू, लोखंड, आतडी, मैला, काहीही वगळलं नाही. एखाद्या सामान्य माणसाला शास्त्रात रस वाटतो आहे असं दिसलं की माझा तोल जातो. काकू "हो काय", "अगं बाई" म्हणत ऐकत होत्या. तेवढ्यात आई विरजणाची वाटी आणि त्या ग्लासात पाणी घेऊन आली. काकूंनी वाटी घेतली. ग्लासाकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या सत्यशीलाबाई. आत्ताच पिऊन आली."

त्या गेल्यावर आईने ग्लासातलं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला घातलं आणि मला विचारलं, "बाकीच्याइचं कावून नाई तपासलं तू पहिले?"

मी म्हटलं, पाईप एकच आहे. अख्ख्या ब्लॉकला एकाच पाईपातून पाणी येतं. जे आपल्याकडे ते त्यांच्याकडे.

"पाईप एक हाय थे तुले माहीत," आई म्हणाली. "बाटली तं आपलीच काळी हाय. आता जयंतीले माह्या माठाचं पाणी कोण पेईन, सांग."

संध्याकाळपर्यंत स्ट्रीटवर बातमी होती की जानरावांच्या घरचं पाणी काळं निघालं. जानराव म्हणजे माझे बाबा. ते नाइट करून आल्यावर झोपले होते. उठल्यावर त्यांना फाटकापाशी दोघांनी सांत्वनपर भेट दिली. एकाने सांगितलं की घरात काही चुकीचं झालं असेल तर असं होतं. काय चुकीचं, ते त्याने सांगितलं नाही, पण मी आतून ऐकत होते आणि मला ते व्यवस्थित कळलं. बाबा म्हणाले, "आमची मित्रा शिकून राहिली, होते असं," आणि आत येऊन चहा मागितला.

माझ्या दृष्टीने उपाय स्पष्ट होता. ब्लॉकमधल्या प्रत्येक घराचा नमुना घ्यायचा, सगळ्या बाटल्या एका ओळीत काळ्या झाल्या की प्रश्न मिटला. मी आणखी बाटल्या आणल्या आणि दारोदार गेले. मला विरोध अपेक्षित होता. तो झाला नाही. सगळ्यांनी प्रेमाने बाटली ठेवून घेतली आणि सांगितलं की तू कशाला ताटकळतेस, आम्ही भरून पाठवतो. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण नमुना कसा घ्यावा याची शिस्त शिकवणाऱ्या पुस्तकात भिलाईच्या क्वार्टरमधल्या माणसांवर एकही प्रकरण नाही.

सगळ्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. एकसारख्या, पारदर्शक, निष्कलंक. मध्ये आमची एकटी काळी. मी मती गुंग होऊन त्या ओळीकडे पाहत बसले. चौकशी केल्यावर हळूहळू कळलं ते असं: भैय्याजींनी विकतच्या सीलबंद बाटलीतलं पाणी भरलं होतं. वरच्या मजल्यावरच्या शालिकराम काकांनी खास सायकलवरून रुआबांध्याला जाऊन तिथल्या मंदिराच्या बोअरिंगचं पाणी आणलं होतं, आणि येताना प्रसादही. एका घरी तुरटी फिरवून, गाळून, उकळून मग भरलं होतं. यात फसवणूक होती असं त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही. पाहुण्यांसमोर चांगले कप काढतात तसं तपासणीसाठी त्यांनी घरातलं उत्तम पाणी काढलं होतं. "तपासायला द्यायचं म्हणजे काय कसंही देणार?" भैय्याजींनी मला उलट विचारलं. "आपल्या घराची इज्जत असते, बेटा."

मी शालिकराम काकांना समजावायला गेले. ते क्रेन चालवतात, छत्तीसगढी बोलतात आणि आमच्या ब्लॉकचे न निवडलेले सरपंच आहेत. त्यांनी आमची काळी बाटली उजेडात धरली, हलवली आणि निर्णय दिला. "येमा लोहा हे, नोनी. भिलाई के पानी ए, लोहा तो निकलबे करही." म्हणजे पोरी, यात लोखंड आहे, भिलाईचं पाणी म्हटल्यावर लोखंड निघणारच. आता खरं सांगायचं तर बाटलीतला काळा पदार्थ लोखंडाचाच असतो. फक्त ते लोखंड पाण्यातलं नसतं, औषधातलं असतं. मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. पण शास्त्रात अर्धसत्य चालत नाही, म्हणून मी म्हटलं, "हो काका, लोखंड आहे, पण—" त्या 'पण'च्या पुढचं कोणीही ऐकलं नाही. जानरावांच्या नळातून लोखंड निघतं, पोरीनेच कबूल केलं, हे जिन्यावरून खाली माझ्याआधी पोचलं. बाबांना एकाने गमतीने विचारलं की मिलमधून घरी पाईप टाकला काय.

मग मी रीतसर तक्रार करायला गेले. कोणतं ऑफिस ते सांगत नाही. त्याने कोणाचंच भलं होणार नाही. खिडकीतल्या बाबूने विचारलं, पाणी येतं का. म्हटलं, येतं. पुरेसं येतं का. येतं. मग तक्रार कशाची? मी सांगितलं की पाण्यात नालीचं पाणी मिसळतं. त्याने संगणकावर बराच वेळ शोधलं. तिथे 'पाणी नाही', 'पाणी कमी' आणि 'गळती' एवढ्याच गोष्टींची सोय होती. नालीचं पाणी मिसळतं म्हणजे एकूण पाणी जास्त येतं, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि 'पाणी जास्त' अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. शेवटी त्याने मोठ्या मनाने 'पाणी कमी' वर बोट ठेवलं.

मी त्याला कारणही सांगितलं, कारण तोपर्यंत मी ते शोधून काढलं होतं. ब्लॉकच्या मागच्या नालीत आमचा पाईप एका ठिकाणी आडवा जातो आणि तिथला जोड ढिला आहे. नुसतं पाणी येत असतं तर त्या जोडातून थोडं बाहेर गळलं असतं, बस. पण प्रत्येक क्वार्टरने पाईपाला थेट मोटर लावली आहे. पाणी आलं की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, पाईपातलं पाणी ओढलं जातं, आणि तो जोड बाहेरचं आत घेतो. बाबूने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मॅडम, लाइन पर मोटर लगाना मना है." मी म्हटलं, तेच सांगते आहे. तो म्हणाला, "मना है, तो लगी नहीं होगी." 

मोटरींबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या ब्लॉकमध्ये राहणारा प्रत्येक माणूस कारखान्यात कशाचा तरी उस्ताद आहे. त्यामुळे इथे प्लंबर येत नाही, आला तर त्याला शिकवून परत पाठवतात. पहिली मोटर कोणी लावली ते आता कोणाला आठवत नाही, पण दुसरी तिच्याहून मोठी होती, आणि तिसरी दुसरीहून. आता अशी अवस्था आहे की ज्याच्याकडे मोटर नाही त्याच्या नळाला तोंड लावलं तर नळच हवा आत ओढतो. आमचीही आहे. बाबांनी स्वतः बसवली. मी तत्त्वासाठी ती बंद केली, तेव्हापासून आमच्याकडे बादली भरायला इतका वेळ लागायचा की आई नळाखाली बादली ठेवून बाजारात जाऊन यायची.  जयंती जवळ येत होती आणि ती माठ घासून उन्हात ठेवत होती.

मी ब्लॉकची बैठक बोलावली. शालिकराम काकांनी अध्यक्षपद घेतलं आणि कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांना उभं करून सुरक्षेची शपथ दिली. मी जोडाचं चित्र काढून आणलं होतं. चित्राची तारीफ झाली. मग प्रत्येकाने आपापल्या मोटरीची बाजू मांडली: कोणाची मोटर फक्त आवाज करते, ओढत नाही, कोणाची लहान आहे, भैय्याजींची तर दुसऱ्यांनी लावली म्हणून नाइलाजाने लावलेली होती. सगळ्यांनी बंद केली तर बंद करायला सगळे तयार होते. मी म्हटलं, एकच सकाळ करून पाहू. उद्या पाणी येईल तेव्हा एकही मोटर चालणार नाही आणि मी मागे नालीत, जोडाच्या वरच्या बाजूला, कपड्यांना घालायची नीळ ओतेन. मोटरी बंद असतील तर नीळ वाहून जाईल, घाबरायचं काही कारण नाही. हा झाला तुलनेसाठीचा प्रयोग. परवा मोटरी लावून तोच पुन्हा करू. शालिकराम काकांना हे फार आवडलं. त्यांनी त्याला 'शटडाउन' असं नाव दिलं, आणि शटडाउन म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे एकदम जबाबदार झाले. भैय्याजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की त्यांची मोटर उद्या मेली असं समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाकाला ओढणी बांधून नालीपाशी उभी होते. पाणी आलं. ब्लॉकमधून एकही आवाज नव्हता. इतकी शांतता मी त्या वेळेला कधी ऐकली नव्हती, आणि मला क्षणभर माझ्या शेजाऱ्यांबद्दल खरंच माया वाटली. मी नीळ ओतली. निळा पट्टा सावकाश वाहत पाईपापर्यंत आला. तिथे तो थांबला. मग जोडापाशी गोल फिरला, आणि आत कोणीतरी वाट पाहत असल्यासारखा निघून गेला. मी निळीची दुसरी बाटली ओतली. तीही गेली. नीट कान दिल्यावर मग मला ऐकू आलं: ब्लॉकच्या पोटातून एक दबलेला, जाड, गोधडीतला आवाज.

गोधडीतलाच होता. हे मला नंतर कळलं. बाकी सगळे मोटर बंद ठेवणार, म्हणजे आज पाणी धो धो येणार, तेव्हा आपली टाकी भरून घ्यावी, हा विचार ब्लॉकमधल्या प्रत्येक घरात स्वतंत्रपणे सुचला होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकाने मोटरीवर गोधड्या, चादरी, जुने स्वेटर घातले होते. अपवाद फक्त आमच्या मोटरीचा.

त्या दिवशी आमच्या ब्लॉकच्या सगळ्या टाक्या निळ्या झाल्या.

मी ओरडाआरडा होईल म्हणून तयार होते. झाला नाही. पाणी निळं आलं असं म्हणायचं, तर मोटर चालू होती हे सांगावं लागणार होतं. म्हणून कोणीही काहीही म्हटलं नाही. शालिकराम काकांचे पांढरे गमछे दोरीवर आकाशी रंगाचे वाळत होते आणि ते त्यांच्याकडे पाठ करून मला हवापाण्याबद्दल सांगत होते. सुशीला काकूंनी भाताची पातेली झाकून मागच्या दाराने नेली. भैय्याजी ऑफिसला निघाले ते फिकट निळ्या शर्टात. तो शर्ट कालपर्यंत पांढरा होता. कानामागेही थोडी निळसर छटा होती, पण मी तिकडे पाहिलं नाही. माझ्यावर काही संस्कार झालेले आहेत.

फाटकापाशी नेमके रामाजी उभे होते, मंडपाचं बोलायला आलेले. भैय्याजींचा शर्ट पाहून त्यांनी विचारलं, आज निळा? भैय्याजी अडकले. मी मागे उभी आहे हे त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "हो, मंजे, जयंती आहे ना. म्हटलं आपणही थोडं."

रामाजींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्यांनी या स्ट्रीटवर जयंतीची वर्गणी मागितली होती आणि भैय्याजींनी दर वर्षी पावती मागून दिली होती. शर्ट मात्र प्रथमच. त्यांनी भैय्याजींचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदा पाणपोईचं उद्घाटन भैय्याजींच्या हस्ते, आणि पहिला ग्लासही तेच पिणार. भैय्याजी माझ्याकडे पाहायला लागले. मी आभाळाकडे पाहिलं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती माठाला कापड बांधत होती. तिने गाठ घट्ट केली. मग म्हणाली की बाटली काळी झाली म्हणजे पाणी खराब आहे, हे तिला पहिल्याच दिवशी पटलं होतं. "मी काय अडाणी हाय? मले फक्त एवढंच सांग, उकळलं तं बाटली पांढरी राहीन का?" मी म्हटलं, राहील, चांगली खळखळ उकळलं तर. तिने बाबांना विहारात पाठवून भोजनदानाची मोठी पातेली, म्हणजे गंज, आणि शेगडी मागवली. कॅन आणू म्हणणाऱ्या रामाजींना पुन्हा एकदा मान खाली घालावी लागली. "पाणी माह्याच नळाचं राहीन," आई म्हणाली. "बस, शिजवून देईन."

जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात दिवसभर पाणी उकळत होतं. नळाला धार नव्हती, कारण मोटर बंद, आणि मोटर लावायला मी तयार नव्हते. एक एक बादली जमवून आम्ही गंज भरले. वर एप्रिल, खाली शेगडी. सकाळच्या पहिल्या गंजाचं पाणी निवल्यावर मी त्याची बाटली भरली आणि फ्रिजवर ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चाचणीच्या निकालाची मला भीती वाटली. जयंतीच्या दिवशीही बाटली स्वच्छ होती. आईने ती माझ्याकडून घेतली, पदराने पुसली आणि माठांच्या शेजारी, तसबिरीच्या खाली, फुलांमध्ये ठेवली. शास्त्रीय पुरावा असा ठेवत नाहीत. 

मिरवणूक वळणावर आली तेव्हा ढोलताशा थांबवून रामाजींनी भैय्याजींना पुढे केलं. तोच शर्ट होता. स्ट्रीटवरची सगळी माणसं कडेला उभी होती, ब्लॉकमधली सगळी, सुशीला काकू भिंतीला टेकून. आईने ग्लास भरून पुढे धरला. मला एकदम कळलं की हे माठ आणि ही फुलं बाजूला ठेवली तर ती इथे एकाच गोष्टीसाठी उभी आहे.

भैय्याजी प्यायले. घटाघटा, एका दमात. आणि मग, माझ्या कोणत्याही अंदाजात नसलेली गोष्ट त्यांनी केली. ग्लास पुन्हा पुढे केला. तो संपल्यावर तिसरा. लोक टाळ्या वाजवायला लागले. रामाजी गहिवरले. खरं कारण मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं: नीळ आलेल्या दिवशी त्या माणसाने स्वतःच्या टाकीतल्या पाण्याकडे डोळे उघडून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो तहानलेला होता. ग्लास ठेवून ते आईला हळूच म्हणाले, "वहिनी, हे उकळलेलं आहे ना? घरी थोडं मिळेल काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात पहिल्या सुशीला काकू होत्या, हातात स्टीलचा डबा घेऊन. त्यांच्या मागे शालिकराम काका, मग बाकीचे. आपल्या घरी पाणी उकळायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती. हे मी तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. काकू म्हणाल्या की त्यांच्या हातचं तसं होत नाही. पाणी उकळायला हात लागत नाही, तापमान लागतं, हे मी म्हटलं तेव्हा आईने मला आत जाऊन चहा ठेवायला सांगितलं. मोटरी सगळ्यांच्या सुरूच होत्या. विचारलं तर म्हणाले, आता प्यायला तुमचं पाणी आहे, मग वापरायचं कसंही चालतं. माझा अख्खा प्रयोग, माझं चित्र, माझी नीळ, या सगळ्याचा निष्कर्ष त्यांनी असा काढला होता. आईने विहाराचे गंज परत पाठवले नाहीत. गॅसचं काय होतंय ते बाबांनी एकदा विचारलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा विचारलं नाही.

आणि मग, ज्या दिवशी कोणीही त्यांची वाट पाहत नव्हतं, त्या दिवशी ते आले. दोन माणसं, हातगाडीवर नवा पाईप, फावडी, आणि 'पाणी कमी'ची माझी तक्रार. त्यांनी मागे जाऊन नाली पाहिली, जोड पाहिला आणि सांगितलं की हा तुकडाच बदलावा लागेल, तासाभराचं काम, पण तोवर लाइन बंद.  मी त्यांना त्या क्षणी हारच घातला असता.

आमच्या दारात तेव्हा रांग होती. लाइन बंद हे ऐकून रांगेत कुजबुज झाली. भैय्याजींनी आपलं मत दिलं की ऊन फार आहे, आजच खोदायची काय घाई. शालिकराम काका म्हणाले, शटडाउन घ्यायचं तर आधी बैठक व्हायला हवी. सुशीला काकूंच्या घरी नागपूरहून पाहुणे आले होते. त्या आईला म्हणाल्या, "सत्यशीलाबाई, माझ्या पाहुण्यांना तुमचंच पाणी देऊन राहिली मी. आज बंद नका होऊ देऊ."

आई कामगारांना चहा देत होती. तिने शांतपणे त्यांना विचारलं, परवा जमेल का. त्यांना जमण्यासारखं होतं. पण तक्रार ज्याची, त्याची सही लागेल, आणि काम का झालं नाही याचं कारण.

मी आईला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. की पाईपात मैला जातो आहे. की लोक त्याच पाण्याने भांडी घासतात, तोंड धुतात. की हे मी सिद्ध केलेलं आहे, दोनदा, एकदा काळ्या रंगात आणि एकदा निळ्या. ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून रांगेकडे होती, हातात डबे घेऊन उभ्या असलेल्या आमच्या स्ट्रीटकडे.

"मले समजते बाई," ती म्हणाली. "दोन दिवस. मंग खोदू दे."

मी दशांश चिन्हानंतरचा आकडा कधी चुकीचा लिहिलेला नाही. प्रयोगवहीत न घडलेली गोष्ट कधी नोंदवलेली नाही. मी त्या माणसाच्या हातातून पेन घेतलं आणि कारणाच्या जागी लिहिलं: ग्राहक घरी नाही. खाली सही केली. त्याने ते वाचलं, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"मित्रा," आईने मागून हाक मारली, "थो गंज उतरव बरं. सुशीलाबाई खोळंबल्या."